मानेतली नळी, हृदयाची वाट

आपल्या मानेच्या उजव्या बाजूला, कातडीखाली जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर, करंगळीएवढी जाड एक शीर असते. मेंदूकडून परतणारं रक्त तिच्यातून खाली येतं, छातीतल्या मोठ्या शिरेला मिळतं आणि वीतभर अंतरात हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचतं. वाटेत नाव घेण्यासारखं वळण नाही. हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी नकळत मानेवर बोटं टेकवली. बोटांना ठोका लागला, पण तो शेजारच्या धमनीचा. शीर ठोका देत नाही. ती कुठे आहे हे कातडीवरून कळत नाही, आणि तरीही मूत्रपिंडं अचानक थांबलेल्या माणसाला वाचवायचं तर डॉक्टरला सुईनं तिलाच गाठावं लागतं.

मराठवाड्यात मंठ्याहून जालना साठेक किलोमीटर. मंठा, परतूर, जिंतूर या पट्ट्यात घरातल्या कुणाला 'डायलिसिस लागलं', म्हणजे मूत्रपिंडांऐवजी मशीननं रक्त गाळून घ्यायची वेळ आली, की त्या घराचं सगळं वेळापत्रक बदलतं. आठवड्यातून दोनदा-तीनदा सकाळची गाडी, चार तास मशीन, संध्याकाळी थकून परत. आणि बहुतेकांची सुरुवात फार घाईत होते. मळमळ, पायांवर सूज, रात्री आडवं पडलं की दम. महिनाभर 'पित्त असेल' म्हणून काढलेला असतो. मग रक्त तपासतात, क्रिएटिनिन दहाच्या वर निघतं, पोटॅशियम वाढलेलं असतं, आणि डॉक्टर म्हणतात, "आजच मशीनवर घ्यावं लागेल." कागदावर सही होते. थोड्या वेळानं रुग्ण बाहेर येतो तो मानेत नळी घेऊनच. तिला कुणी लाईन म्हणतं, कुणी कॅथेटर, कुणी नुसतं 'मानेतली नळी'. नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: मानेतच का? सलाईन तर हाताला लावतात.

प्रश्न अगदी योग्य आहे. सलाईन शरीरात नुसतं जातं. डायलिसिसला रक्त बाहेर काढावं लागतं, तेही भरपूर आणि सतत. मशीन मिनिटाला साधारण २५० ते ३०० मिलिलिटर रक्त ओढतं. चार तासांचा हिशेब केला तर ६० ते ७० लिटर होतात. अंगात रक्त असतं पाचेक लिटर. म्हणजे एका बैठकीत सगळं रक्त बारा-चौदा वेळा मशीनमधून फिरून येतं! हाताच्या साध्या शिरेतून एवढं रक्त ओढायला गेलं तर तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि धार तुटते. इतका अखंड प्रवाह हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत मिळतो. म्हणून नळी मानेतून आत जाते आणि तिचं टोक हृदयाच्या दाराशी, वरची महाशीर उजव्या कप्प्याला मिळते तिथे ठेवतात.

रक्तापर्यंत पोचायची वाट शोधणं हे रक्त गाळणारं यंत्र बनवण्याइतकंच कठीण निघालं. १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, काम्पेन गावी विलेम कोल्फ यांनी लाकडी पट्ट्यांच्या ढोलावर सेलोफेनची नळी गुंडाळून पहिलं चालणारं कृत्रिम मूत्रपिंड उभं केलं. त्यांनी उपचार सुरू केलेली एक तरुणी २९ वर्षांची होती. यंत्र तिचं रक्त स्वच्छ करत होतं, पण दर वेळी नवी रक्तवाहिनी कापून उघडावी लागे. बारा वेळा झालं, आणि मग उघडायला रक्तवाहिनीच उरली नाही. ती वाचली नाही. वाटा संपल्यावर चांगलं यंत्रही काही करू शकत नाही, हे तेव्हाच उघड झालं.

त्याआधी चौदा वर्षं, १९२९ साली, बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे इथे वेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टरनं एक धाडस केलं होतं. हृदयापर्यंत नळी नेली तर माणूस मरतो, अशी तेव्हा समजूत होती. त्यानं स्वतःच्याच कोपराच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी आत सरकवली, तशाच हातानं चालत क्ष-किरण विभागात गेला आणि नळीचं टोक हृदयात असल्याचा फोटो काढून घेतला. १९५६ साली त्याला नोबेल मिळालं. पण फोर्समाननंही शीर गाठायला कातडी कापलीच होती. कापायची गरजच संपवली स्टॉकहोमच्या स्वेन-इवार सेल्डिंगर या रेडिओलॉजिस्टनं. १९५३ मधली त्याची युक्ती इतकी सोपी आहे की ती आधी कुणाला कशी सुचली नाही याचं नवल वाटतं. बारीक सुई रक्तवाहिनीत घालायची. सुईतून मऊ टोकाची तार आत सोडायची. सुई काढायची, तार तशीच ठेवायची. आणि आता त्या तारेवरून हवी तेवढी जाड नळी आत सरकवायची. छिद्र सुईनं पाडलं आणि नळी मात्र सुईपेक्षा जाड गेली. १९६१ साली लंडनमध्ये स्टॅनली शाल्डन यांनी याच पद्धतीनं मांडीतल्या रक्तवाहिन्यांत नळ्या घालून डायलिसिस केलं. आज जगातल्या जवळजवळ सगळ्या डायलिसिस नळ्या या तारेवरूनच आत जातात.

आता एक नाव असं, की ते मराठवाड्यातल्या माणसाच्या कानाला घरचं वाटेल: माहुरकर. सखाराम माहुरकर हे शिकागोतले मूत्रपिंडतज्ज्ञ. रक्त काढायला एक आणि परत द्यायला एक अशा दोन वाटा एकाच नळीत हव्या होत्या. त्याआधीच्या नळ्यांमध्ये एका गोल नळीच्या आत दुसरी गोल नळी असे. माहुरकरांनी एकाच गोल नळीला मधोमध उभा पडदा घातला. दोन अर्धगोल वाटा झाल्या आणि पुढचं टोक निमुळतं ठेवलं. स्वतःच्या स्वयंपाकघरात, रक्ताऐवजी ग्लिसरीन वाहवून, त्यांनी प्रवाह आणि दाब तपासले. १९८२ साली पेटंटचा पहिला अर्ज केला. त्यावरून अमेरिकेत कंपन्यांशी वर्षानुवर्षं खटले चालले. १९९१ चा त्यातला एक निकाल पेटंट कायदा शिकणाऱ्यांना आजही वाचावा लागतो. त्याच निकालात एक आकडा नोंदलेला आहे: तेवढंच रक्त वाहून नेणाऱ्या जुन्या नळीच्या तुलनेत माहुरकरांच्या नळीला शिरेत ४२ टक्के लहान छिद्र पुरतं. 'माहुरकर कॅथेटर' हे नाव डायलिसिसच्या खोल्यांमध्ये रोज उच्चारलं जातं. त्या खोल्यांत बसलेल्या आपल्या किती माणसांना या नावामागचा माणूस ठाऊक असेल?

छिद्र लहान असणं का महत्त्वाचं, हे पुढच्या सगळ्या कहाणीत दिसतं. ही नळी साधारण ४ मिलिमीटर जाड असते. ती जिथून जाते तिथे भोवताली काय काय आहे ते पाहिलं की छाती दडपते. शिरेला लागूनच मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी. खाली फुप्फुसाचं टोक. पुढे महाशिरेची पातळ भिंत. आणि रुग्ण कसा? ज्याच्या रक्तात युरिया साचल्यामुळे बिंबिका (प्लेटलेट्स) नीट काम करत नाहीत, म्हणजे रक्त लवकर गोठत नाही. जो दम लागल्यामुळे सपाट झोपू शकत नाही. आणि ज्याला मशीनसाठी हेपारिन, म्हणजे रक्त न गोठण्याचं औषध, द्यावं लागणार आहे.

सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे सुई शिरेऐवजी धमनीत जाणं. नुसत्या खुणांवरून, म्हणजे मानेचा स्नायू, गळपट्टीचं हाड आणि धमनीचा ठोका यांच्या अंदाजानं सुई घातली तर मानेत शंभरातल्या सहा ते नऊ वेळा ती धमनीला लागते, आणि मांडीत नऊ ते पंधरा वेळा, असं २००३ सालच्या एका प्रसिद्ध आढाव्यात मांडलेलं आहे. बारीक सुई धमनीत गेली तर ती काढून दहा-पंधरा मिनिटं दाबून धरलं की बहुतेकदा निभावतं. खरा धोका त्यापुढच्या पायरीत आहे. सुई धमनीत आहे हे न ओळखता तारेवरून जाड नळी आत गेली, तर मेंदूच्या वाटेवरच ४ मिलिमीटरचं भोक पडतं. लालभडक रक्त उसळलं की धमनी, काळसर संथ आलं की शीर, ही ओळख ऐकायला सोपी. पण रक्तदाब खाली गेलेल्या, प्राणवायू कमी पडलेल्या माणसात धमनीचं रक्तही काळसर आणि संथ येतं. म्हणून जाणकार डॉक्टर सुईला एक नळी जोडून रक्ताचा स्तंभ किती चढतो ते पाहतात. शिरेत दाब पाऱ्याचे पाच-दहा मिलिमीटर, धमनीत शंभराच्या आसपास. इथे रंगानं फसवलं तरी उंची फसवत नाही.

आणि एवढं करूनही जाड नळी धमनीत गेलीच, तर काय करायचं? कुणालाही वाटेल, लगेच काढावी आणि घट्ट दाबावं. नेमकं तेच करायचं नाही. ती नळी त्या क्षणी स्वतःच भोकाचं बूच असते. ती तशीच ठेवून रक्तवाहिन्यांच्या सर्जनला बोलवायचं आणि त्यानं डोळ्यांदेखत भोक शिवून ती काढायची. घाईनं ओढून काढली तर मानेत रक्त साचून श्वासनळी दाबली जाऊ शकते, गुठळी मेंदूत जाऊन लकवा होऊ शकतो. केलेली चूक लगेच निस्तरण्याचा मोह आवरणं हाच इथे उपचार आहे.

रक्ताइतकीच भीती हवेची. आपण बसलेलो असतो आणि खोल श्वास घेतो, तेव्हा छातीतल्या शिरांमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. त्या वेळी सुईचं तोंड उघडं राहिलं तर रक्त बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाण्याच्या पाच सेंटिमीटर उंचीएवढा दाबाचा फरक असला तरी १४ नंबरच्या सुईतून सेकंदाला सुमारे १०० मिलिलिटर हवा आत खेचली जाऊ शकते. आणि दोन-तीनशे मिलिलिटर हवा एकदम गेली तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून नळी घालताना पलंगाची डोक्याकडची बाजू खाली करतात. रुग्णाला ते विचित्र वाटतं, नातेवाईक कुरकुर करतात, पण त्यामुळे मानेतल्या शिरेतला दाब वाढतो, शीर फुगते आणि हवेला वाट उरत नाही. नळी काढतानाही हाच नियम: झोपूनच काढायची, काढताना श्वास रोखायचा आणि त्या जागी हवाबंद पट्टी लावायची. खुर्चीत बसवून नळी ओढणारा भेटला तर रुग्णानं निःसंकोच नाही म्हणावं.

आतापर्यंतच्या अडचणी मिनिटांत घडणाऱ्या. पण मला सर्वांत थक्क करणारी अडचण महिन्यांनी, वर्षांनी उघडी पडते.

गळपट्टीच्या हाडाखालची शीर पूर्वी डायलिसिससाठी फार आवडती होती. तिथली नळी टिकायची, कपड्यात झाकली जायची, मान मोकळी राहायची. १९७० आणि ८० च्या दशकांत जगभर असंख्य नळ्या तिथून घातल्या गेल्या. मग काही रुग्णांचे हात सुजू लागले. १९९१ साली एका तुलनेत नळी निघून गेल्यानंतर शिरांचे फोटो काढले: गळपट्टीखालच्या ५० जागा आणि मानेतल्या ५० जागा. गळपट्टीखालच्या शिरांपैकी ४२ टक्के अरुंद झालेल्या निघाल्या. मानेतल्या १० टक्के.

असं का होतं? पाटाच्या वळणावर पाणी सारखं एकाच काठावर आपटून काठ खातं, तसंच इथे नळी आणि तिच्यातली वेगवान धार शिरेच्या एकाच जागी रोज घासते. फरक इतकाच की शीर झिजत नाही, ती जाड होते. आतलं नाजूक अस्तर निघतं, त्याखालच्या पेशी जखम समजून वाढू लागतात, भिंत आतल्या बाजूनं भरत जाते. नळी निघाली तरी ही वाढ निघत नाही. गळपट्टीखालची शीर हाड आणि बरगडीच्या चिमटीतून वळण घेऊन जाते, म्हणून तिथे घासणं जास्त. मानेच्या डाव्या बाजूचंही तसंच. उजवीकडे मानेतली शीर महाशिरेला मिळते त्या मधल्या तुकड्याची लांबी अडीच सेंटिमीटर आणि तो जवळजवळ उभा. डावीकडे तोच तुकडा सहा सेंटिमीटर आणि छातीतून आडवा. डावीकडून आलेल्या नळीला दोन वळणं घ्यावी लागतात आणि तिचं ताठ टोक समोरच्या भिंतीवर रोखलेलं राहतं. क्वचित ते भिंत फोडूनही जातं. म्हणून पहिली पसंती उजव्या मानेला, आणि गळपट्टीखालच्या शिरेला शेवटची.

हजारातल्या तीन ते पाच जणांत तर नकाशाच वेगळा असतो. गर्भात असताना प्रत्येकाला डावीकडेही एक महाशीर असते आणि जन्माआधी ती विरून जाते. या लोकांत ती विरत नाही. त्यांच्यात डावीकडून घातलेली नळी हृदयाच्या डाव्या कडेनं खाली उतरताना फोटोत दिसते आणि डॉक्टरच्या पोटात गोळा येतो, धमनीत गेली की काय! नळी घातल्यावर छातीचा फोटो काढतात तो अशासाठीही.

अरुंद झालेली शीर गप्प असते. अंग पर्यायी वाटा काढतं. खांद्यावर, छातीवर बारीक निळ्या शिरांचं जाळं फुगून येतं आणि रक्त त्यातून वळसा घेऊन हृदयाकडे जातं. माणसाला काही जाणवत नाही. मग कायमच्या सोयीसाठी त्याच बाजूच्या हातावर फिस्टुला करतात, आणि दडलेलं सगळं वर येतं.

फिस्टुला ही १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो, अपेल आणि हुर्विच यांनी मांडलेली शस्त्रक्रिया. मनगटाजवळची धमनी आणि शीर एकमेकींना जोडून द्यायची. बाहेरची कुठलीही वस्तू अंगात ठेवायची नाही. धमनीच्या जोरानं शीर काही आठवड्यांत फुगते, तिची भिंत जाड होते, हात ठेवला की सतत थरथर लागते, आणि तिच्यातून मिनिटाला अर्धा ते एक लिटर रक्त वाहतं. गंमत बघा, भिंत जाड होण्याचा जो स्वभाव नळीपाशी शीर बुजवतो, तोच इथे तिला सुया झेलण्याइतकी मजबूत करतो. पण हा पूर वर जाऊन अरुंद शिरेपाशी अडला की अख्खा हात सुजतो. महाशीरच अरुंद असेल तर चेहराही सुजतो. फुग्यानं ती जागा रुंद करता येते, पण अनेकदा काही महिन्यांत ती पुन्हा आवळते, आणि त्यासाठी मंठ्याच्या माणसाला संभाजीनगर किंवा मुंबई-पुणे गाठावं लागतं.

यातलं बरंच टाळता येतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर आणि धमनी शेजारी शेजारी दिसतात. तपासणीचं टोक हलकं दाबलं की शीर चपटी होते, धमनी होत नाही. सुई आत जाताना दिसते. ब्रिटनच्या आरोग्य संस्थेनं २००२ सालीच मानेत नळी घालताना सोनोग्राफी वापरावी असं सांगितलं. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते. तो कायदा हवाच. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. पण नोंदणी करून डायलिसिस विभागासाठी यंत्र ठेवता येतं, आणि जिथे मानेत नळ्या घातल्या जातात तिथे ते असायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. मशीन जिल्ह्यापर्यंत आलं. शिरेपर्यंत सुरक्षित पोचण्याची सोयही त्याच्यासोबत यायला हवी.

आणि घरच्यांनी करायचं ते याहून सोपं आहे. साखर किंवा रक्तदाब जुना असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासा. मूत्रपिंडं कमकुवत झाल्याचं कळलं की ज्या हातानं काम कमी करता त्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या शिरा जपा. सलाईन किंवा रक्ताची सुई तळहाताच्या मागच्या बाजूला मागा. डायलिसिस वर्षभरात लागेल असं डॉक्टर म्हणाले, तर फिस्टुला आधीच करून घ्या, कारण तो तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. मानेत नळी बसलीच असेल, तर ती ओली होऊ देऊ नका, तिचं टोपण स्वतः उघडू नका, आणि पुढच्या खेपेला मशीनवर जाताना डॉक्टरांना एवढंच विचारा: "ही नळी कधी निघणार, आणि माझा फिस्टुला कधी करणार?"